वीणेचं नाव, फणसाचं लाकूड

थायलंडच्या ईशान्येकडच्या पठारावर एखाद्या घरचा मुलगा भिक्खू व्हायला निघाला, की गावातून त्याची मिरवणूक निघते. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरं वस्त्र. दीक्षा होईपर्यंत सगळे त्याला 'नाक' म्हणतात, म्हणजे नाग. त्याच्यापुढे बायाबापड्या नाचत असतात आणि त्यांच्या बरोबरीने एक ढकलगाडी चाललेली असते. तिच्यावर भोंगे रचलेले, खाली अॅम्प्लिफायर आणि बॅटऱ्या, सगळं गावातच जुळवलेलं. ढोल, झांजा आणि बेस गिटारच्या वरून एक तार सगळा गलका कापत जाते. नुसतं ऐकणाऱ्याला वाटतं, इलेक्ट्रिक गिटार आहे. वाजवणाऱ्याच्या हातात मात्र दोन-तीन तारांचं लाकडी वाद्य असतं आणि त्याच्या शेंड्यावर फणा काढलेला नाग कोरलेला असतो. नाव विचारलं तर उत्तर मिळतं, फिण.

थाई लिपीत हा शब्द दोन व्यंजनांचा आणि एका ऱ्हस्व इकाराचा आहे. शेवटचं व्यंजन ण. थाई माणसाच्या तोंडात ण नाही, तो न म्हणतो. पण लिहिताना शतकानुशतकं त्याने ण सोडलेला नाही. पहिलं व्यंजन आपल्या वर्णमालेत जिथे ब बसतो त्या जागेवरचं. थाई उच्चारात अशा मृदू व्यंजनांची महाप्राण कठोर व्यंजनं झाली. म्हणून दिवंगत राजाचं नाव लिहितात 'भूमिबल' आणि म्हणतात 'फूमिफोन'. त्याच नियमाने लिहायचं 'बिण' आणि म्हणायचं 'फिन'. मागे जाऊन पोचतो तो वीणेपाशी. थाई भाषेत संगीताला शब्दच आहे 'दोन्त्री', तो तंत्री या शब्दावरून आला. सगळं संगीत मिळून एक तार. आणि हे पठार ज्या प्रदेशात आहे त्याचं नाव 'ईसान', म्हणजे ईशान. दिशेचं नावच प्रांताला पडलं.

इतकं कळलं की आपल्याकडे एक वाक्य ओठांवर तयार असतं, 'म्हणजे मूळ आपलंच.' मला त्या वाक्याची घाई नकोशी वाटते. नाव ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने वस्तू गेली असं गृहीत धरलं, तर या वाद्याची खरी गोष्ट हातून निसटते. नाव पोथीतून, देवळातून, राजवाड्यातून उतरत आलं. वाद्य घडवणारे हात गावात होते, त्यांच्यापाशी त्याची निराळी नावं होती. या दोन वाटा एकमेकींना फार उशिरा भेटल्या.

आधी आपल्या घरातलीच गोष्ट पाहावी. वीणा म्हणजे एक ठरावीक वाद्य नव्हेच. समुद्रगुप्ताच्या चौथ्या शतकातल्या सुवर्णनाण्यावर राजा मांडीवर वीणा घेऊन बसला आहे आणि ती धनुष्याच्या आकाराची आहे. अशी वीणा भारतातून पुढे नाहीशी झाली. तिच्या कुळातली हार्प आजही वाजते ती म्यानमारमध्ये. अजिंठ्याच्या चित्रांत दिसते ती लांब मानेची, फुगीर पोटाची. त्यानंतर दांड्याला भोपळा लावलेल्या वीणा आल्या. तंजावरची आजची सरस्वती वीणा तर सतराव्या शतकात घडत गेली. आणि आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात विणेकऱ्याच्या गळ्यात असते तीही वीणाच. तिच्यावर राग वाजत नाही. तिचं काम सूर धरून ठेवण्याचं, सात दिवस जमिनीला न टेकता एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाण्याचं. एवढ्या सगळ्या वस्तूंना पुरून उरलेलं हे नाव समुद्रापार गेलं, ते कोणत्या वीणेचं म्हणून गेलं?

बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक चुन्याच्या गिलाव्यातलं शिल्प आहे. सातव्या-आठव्या शतकातलं, द्वारवती काळातलं, राच्चबुरी प्रांतातल्या कू बुआ इथल्या अवशेषांतून मिळालेलं. त्यात पाच स्त्रिया गायन-वादनाला बसल्या आहेत. एकीच्या हातात पाच तारांचं लांब मानेचं वाद्य आहे, एक झांजा वाजवते आहे आणि एकीने दांड्याला भोपळा लावलेली वीणा छातीशी धरली आहे. म्हणजे त्या एका शिल्पात दोन निरनिराळ्या वीणा आहेत. त्या स्त्रिया मोन भाषा बोलणाऱ्या लोकांपैकी असाव्यात. थाई बोलणारे लोक या मुलखात सत्ताधारी व्हायला अजून काही शतकं होती. मला या शिल्पात सर्वांत जवळचं वाटतं ते त्यांचं बसणं. पाय मुडपून, एकमेकींकडे किंचित कललेल्या. गाणं चालू असताना साथीला बसलेली माणसं अशीच एकमेकांकडे कान लावून बसतात.

भोपळ्याच्या वीणेला थाईत 'फिण नाम ताव' म्हणतात. नाम ताव म्हणजे भोपळा. तिला एकच तार. वाजवणारा पुरुष उघड्या अंगाने बसतो, अर्धा भोपळा छातीवर दाबतो आणि हलकेच उचलतो. भोपळा टेकला की आवाज बंद, उचलला की खुला. वादकाची छाती हीच त्या वाद्याची दुसरी बाजू. उत्तरेत लान्नाच्या डोंगराळ मुलखात हिची बहीण आहे, 'फिण पिआ'. तिथे भोपळ्याऐवजी नारळाची अर्धी करवंटी, तारा दोनापासून सातापर्यंत, आणि शेंड्याला पितळी हत्तीचं डोकं. तारेवर एक बोट नुसतं टेकवून दुसऱ्याने छेडलं की तारेचा मूळ सूर दबतो आणि वरचा स्वयंभू सूर घंटीसारखा निघतो. आवाज अगदी बारीक, दोन-चार हातांपलीकडे जेमतेम पोचणारा. पूर्वी तरुण पोरं रात्री मुलींच्या घरी गप्पांना जाताना ही पिआ घेऊन जात. ते जाणं-येणं थांबलं, विजेचे दिवे आणि रेडिओ आले, आणि इतक्या हळू बोलणाऱ्या वाद्याला ऐकणारं कुणी उरलं नाही. मोजक्या म्हाताऱ्या वादकांकडून शिकून पुढच्या पिढीने ती परत उचलली म्हणून आज ती आहे.

रामखाम्हेंग राजाच्या नावाने ओळखला जाणारा 1292चा सुखोथाईचा शिलालेख बँकॉकच्या त्याच राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या अस्सलपणावर विद्वानांत बराच वाद झाला आहे. युनेस्कोने 2003मध्ये त्याला जागतिक स्मृतीच्या नोंदीत घेतलं. वर्षावास संपल्यावर भिक्खूंना चीवरं देण्याच्या कठिन सोहळ्याचं वर्णन त्यात आहे. लोक नगराकडे परततात तेव्हा वाद्यांचा आणि गाण्याचा आवाज होतो, आणि त्या आवाजांत फिण नावाने आलं आहे. दान, मिरवणूक, गर्दी, आणि गर्दीत फिण. कोणतं फिण, ते शिलालेख सांगत नाही.

सत्तेचं केंद्र सुखोथाईहून अयुथ्येला सरकल्यावर दरबारात मान होता तो 'क्राचाप्पी'ला. हे नाव कच्छपावरून आलं, वाटेत जावाचं पाणी पिऊन. आपल्याकडे सरस्वतीच्या वीणेचं नाव कच्छपी सांगतात, तेच. कासवाच्या पाठीसारखं चपटं, लंबगोल पोट, चार तारा जोड्याजोड्यांनी लावलेल्या आणि मागे वळत गेलेली लांबलचक मान. जुन्या महोरी मेळात चारच माणसं असत: गाणारा टिपऱ्यांवर ताल धरी, एक तीन तारांची सारंगीसारखी सॉ वाजवी, एक क्राचाप्पी आणि एक ढोलकं. पंधराव्या शतकातल्या समजल्या जाणाऱ्या राजवाड्याच्या कायद्यात, वाड्यालगतच्या पाण्यात नाव घालून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मनाई आहे, आणि मनाई केलेल्या वाद्यांच्या यादीत क्राचाप्पी आहे. कायदा करावा लागला यावरूनच कळतं की लोक होड्या घेऊन, वाजवत, राजाच्या खिडकीखालून जात होते. दरबाराचं म्हणून सांगितलं जाणारं हे वाद्य तेव्हा नदीवरही होतं.

पुढे तिची जागा 'चाखे'ने घेतली. चाखे म्हणजे मगर. जमिनीवर आडवी ठेवायची, तीन तारा, अकरा पडदे. वाजवायला सोपी आणि आवाजाला भरीव. लांब मानेची क्राचाप्पी बसून सावरणं अवघड होतं, ती मागे पडत पडत संग्रहालयात गेली. कंबोडियात मात्र तिची सख्खी बहीण 'चापेई दांग वेंग' लोककथा सांगणाऱ्यांच्या हातात टिकली. युनेस्कोने 2016मध्ये तिला तातडीने जपायच्या वारशांत घेतलं.

नाव आणि वस्तू कशी वेगळी चालतात याचा सर्वांत ठळक दाखला त्याच दोन देशांत आहे. थाई देवळात आणि नाट्यात वाजणाऱ्या मोठ्या मेळाला आज 'पिफात' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यालाच 'फिणफात' म्हणत, आणि कंबोडियात आजही 'पिनपेआत'च म्हणतात. फोड केली तर वीणा आणि वाद्य. या मेळात लाकडी पट्ट्यांची रनात आहे, गोल मांडलेल्या घंटा आहेत, सनईच्या जातीची पी आहे, ढोल आहेत. तार एकही नाही. वीणा मेळातून कधीच उठून गेली, तिचं नाव मात्र तिथेच बसून राहिलं.

देवळाच्या भिंतींवर आणखी एक फिण आहे. सोण नावाच्या भिक्खूला बुद्धांनी विचारलं होतं, घरी असताना तू वीणा वाजवायचास ना, तारा फार ताणल्या किंवा फार ढिल्या ठेवल्या तर नीट वाजायची का? पाली सुत्तातला हा संवाद. थाई परंपरेत या प्रसंगाचं वेगळंच रूप झालं. तिथे बोधीच्या आधी, उपास करून हाडांचा सापळा झालेल्या गौतमापुढे हिरव्या अंगाचा इंद्र येतो आणि तीन तारांचं फिण वाजवून दाखवतो. एक तार तुटते, एक आवाज देत नाही, मधली गाते. हे चित्र थाई विहारांत इतक्या ठिकाणी रंगवलं आहे की ज्याने आयुष्यात वाद्य हातात धरलं नाही त्यालाही फिण म्हणजे तीन तारा हे ठाऊक असतं. माझ्या मते हे नाव सामान्य माणसाच्या मनात जिवंत ठेवलं ते या भिंतींनी. दरबारात ते कधीच नुसतं जुन्या काव्यातलं झालं होतं.

आता त्या पठारावर परत येतो.

ईसानमध्ये राहणारे बहुतेक लोक लाओ बोलीचे. थायलंडच्या लोकसंख्येतला जवळपास तिसरा हिस्सा त्यांचा. तिथलं मुख्य वाद्य तारेचं नाही, फुंकेचं आहे: 'खॅन', बांबूच्या नळ्यांच्या दोन रांगा एका लाकडी पेटीत बसवलेल्या, आत धातूच्या बारीक जिभा. श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा वाजतं, म्हणून सूर तुटत नाही. खॅनच्या साथीने जो कवन गातो तो 'मोलाम'. मो म्हणजे जाणकार. आणि खॅनच्या जोडीला जे लहान तंतुवाद्य असे त्याला गावात 'सुंग' म्हणत, किंवा 'माक चाप पी'. हे दुसरं नाव तोंडात घोळवलं की कळतं, ही तीच क्राचाप्पी, म्हणजे तीच कच्छपी, शेतकऱ्याच्या उच्चारातली. फिण हे मध्य थायलंडचं, पुस्तकातलं नाव नंतर तिच्यावर बसलं. म्हणजे या एका लहानशा वाद्याला दोन वेळा, दोन वेगळ्या वाटांनी, संस्कृत नाव मिळालं.

वस्तू मात्र सगळी तिथल्या मातीतली. फणसाच्या लाकडाचा एकच तुकडा घेतात, त्यातच पोट आणि मान कोरतात. फणसाचं लाकूड पिवळं, हलकं, आवाजाला चांगलं. (तंजावरची वीणाही फणसाचीच असते. ही नक्कल असण्याची काही गरज नाही. जिथे फणस वाढतो तिथल्या सुताराला हे आपोआप कळतं, आपल्या कोकणात विचारावं.) ईसानमधले अरण्यात राहणारे भिक्खू आपली चीवरं फणसाच्याच गाभ्याच्या काढ्यात रंगवतात. मानेवर बांबूचे पडदे, ते चिकटवायला डंख नसलेल्या रानमाशांच्या पोळ्यातलं काळं मेण, 'खी सूत'. खॅनच्या नळ्यांच्या फटीही त्याच मेणाने बुजवतात. तारांसाठी सायकलच्या ब्रेकची तार सोडवून घेत. छेडायला म्हशीच्या शिंगाची पट्टी. पडदे कुठे बसवायचे याचं माप नव्हतं. खॅन वाजवायचं, कान लावायचा आणि पडदा सरकवायचा. मेण असल्यामुळे तो सरकतही असे. वाजवण्याच्या बंदिशींना 'लाय' म्हणतात, म्हणजे नक्षी, विणीतली असते तशी. एका लायचं नाव फुलाभोवती घोंगावणारा भुंगा, एकीचं बांबूच्या बनात शिरलेला वारा.

बँकॉकला ही कला रुचत नव्हती. 1865मध्ये राजा मोंगकुट यांनी जाहीरनामा काढला: लोक आपले पिफात, महोरी सोडून जिकडेतिकडे लाओ खॅन वाजवत सुटले आहेत, हे थांबवावं. पावसाने ओढ दिली त्याचा दोषही खॅनवर ठेवला होता. राजाचे धाकटे बंधू, उपराजा पिनक्लाव, स्वतः उत्तम खॅन वाजवत, आणि ते पुढच्याच जानेवारीत वारले. एका घरात, दोन सख्ख्या भावांत, एका वाद्यावरून असं अंतर होतं. जाहीरनाम्याने खॅन थांबलं नाही. पण लाओ वाद्य म्हणजे गावंढळ, हा शिक्का पुढे शंभर वर्षं पुसला गेला नाही.

तो पुसायला सुरुवात झाली पोटासाठी शहरात गेलेल्या लोकांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर कोरडवाहू ईसानमधून माणसं बँकॉककडे निघाली, बांधकामावर, रिक्षांवर, गिरण्यांत. त्यांच्या गावच्या आठवणींच्या गाण्यांना बाजार मिळाला; शहरी गाण्यांपासून वेगळं काढून 1964मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे त्या गाण्यांना 'लूक थुंग', शेताची लेकरं, हे नाव रूढ झालं. त्याच दशकात व्हिएतनामवर जाणारी अमेरिकन विमानं उदोन, उबोन, कोरात, नाखोन फनोमच्या तळांवरून उडत होती. तळांच्या आसपास बार होते, बारमध्ये गिटार होत्या. थाई पोरांनी ब्रिटिश 'शॅडोज' बँडच्या नावावरून आपल्या गिटार-मेळांना 'वाँग शॅडो' म्हणायला सुरुवात केली.

उबोन रात्चथानी हे नाव म्हणजे उत्पल राजधानी. तिथले थोंगसाय थाप्थनोन लहानपणापासून फिण वाजवत. नोप्पदोन दुआंगफोन या विनोदी कलाकाराने 1971मध्ये फिरता मेळ उभा केला, 'फेत फिण थाँग'; नावातच सोन्याचं फिण. थोंगसाय त्या मेळाचे फिणवादक झाले आणि फिणला वीज जोडण्याचं श्रेय लोक त्यांना देतात. यात पिकअप बसवण्याची करामत लहानशी, परिणाम फार मोठा. बसून, चार माणसांत, खॅनच्या सावलीत वाजणारं वाद्य हजारो माणसांच्या मैदानात, सॅक्सोफोन आणि ड्रमसेटच्या पुढे उभं राहिलं. उत्तरेतली पिआ जिथे आवाजाने हरली, तिथेच फिण तगलं.

याला एक सांगीतिक कारणही आहे आणि ते कमी सांगितलं जातं. मध्य थायलंडचं दरबारी संगीत सप्तकाचे जवळजवळ सारखे सात भाग करतं. 1885मध्ये लंडनला आलेल्या सयामी वादकांची वाद्यं अलेक्झांडर एलिस यांनी मोजली तेव्हा युरोपच्या संगीतशास्त्रज्ञांना याचं नवल वाटलं होतं. रनात आणि गिटार एकत्र वाजवले की काही सूर एकमेकांना टोचतात. खॅनचं सप्तक तसं नाही. ते आपल्या शुद्ध स्वरांना आणि पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांना पुष्कळ जवळचं. फिणचे पडदे खॅनवरून लावलेले, म्हणून गिटार, ऑर्गन, बेस त्याच्या शेजारी येऊन बसले तेव्हा कुणाला सरकावं लागलं नाही. ज्या वाद्याला राजधानीने परकं ठरवलं होतं, त्यालाच नव्या जगाशी बोलायला दुभाष्या लागला नाही.

या विजेच्या वाजवण्याला नाव पडलं 'फिण प्रयुक'. प्रयुक म्हणजे प्रयुक्त. एखादी विद्या नव्या कामाला लावलेली. मला हे नाव फार अचूक वाटतं. पेत्चाबून प्रांतातल्या लोम साकच्या बाजूला खुन नारिन यांचा मेळ असंच फिण घेऊन दीक्षांच्या मिरवणुकांत वाजवतो. त्यांचं एक चित्रण इंटरनेटवर पसरलं, अमेरिकेतून एक ध्वनिमुद्रक त्यांच्या गावी आला आणि 2014मध्ये त्यांचा अल्बम निघाला. त्याच वर्षी बँकॉकच्या पॅरडाइज बँकॉक मोलाम इंटरनॅशनल बँडचा पहिला अल्बम आला. त्यात खॅन आणि फिण मध्यभागी, ड्रम आणि बेस त्यांच्या आधाराला. टेक्ससचा ख्रुआंगबिन हा बँड तर आपलं नावच थाई घेऊन जगभर फिरतो. परदेशी कान लागल्यामुळे फिणला मान मिळाला असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते कान लागायच्या किती तरी आधीपासून फेत फिण थाँगचा मेळ गावोगावच्या जत्रांत मैदानं भरवत होता.

आता फिण घडवणारे पुष्कळ जण बांबू आणि मेण सोडून गिटारसारखे धातूचे पडदे ठोकतात, मोजून. सूर पक्के लागतात, कुठल्याही बँडबरोबर जमतं. त्यात एक गोष्ट गेली, खॅनकडे कान लावून पडदा सरकवायची. तिचं मला वाईट वाटतं, आणि तरीही ज्याला उद्या मिरवणुकीत वाजवायचं आहे त्या पोराला मी धातूचेच पडदे घे म्हणेन.

मिरवणूक विहारात पोचली की दीक्षागृहाला तीन प्रदक्षिणा घालते. गाडी ढकलणारे घामाने निथळलेले असतात, शेवटच्या फेरीला ढोल चढतो, फिणवाला आपली लाय पुन्हा पहिल्यापासून उचलतो. मग नाग झालेला मुलगा पायऱ्यांशी येतो, हातातली नाणी गर्दीवर उधळतो आणि आत जातो. भोंगे बंद होतात. आतून पालीचे शब्द ऐकू येऊ लागतात. बाहेर सावलीत फिणवाला वाद्य मांडीवर आडवं घेतो, ताणून ताणून चढलेली मधली तार खुंटीवर थोडी उतरवतो, आणि बोटाने एकदा छेडून बघतो.